उपसर्गांचा उपसर्ग



मराठींत ‘उपसर्ग’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. व्याकरणांत शब्दाच्या आरंभीं लागून त्याचा अर्थ फिरविणारीं जीं अक्षरें, त्यांना उपसर्ग म्हणतात. आणि व्यवहारांत उपसर्ग म्हणजे पीडा. वैद्यकांतील लांबलचक नांवें घरांत शिरतात तेव्हां हे दोन्ही अर्थ एकाच वेळीं खरे ठरतात. ‘उपकार’ आणि ‘अपकार’ यांत आरंभींच्या एका स्वराचा फरक. पण तेवढ्यानें मित्राचा वैरी होतो, हें मराठी शाळेंतील मूलही जाणतें. पाठीच्या कण्याच्या रोगांनाही तोच न्याय लागू आहे. तेथें एका अक्षराच्या चुकीनें भिण्याचें कारण नसलेला मनुष्य भितो, आणि ज्यानें वेळ दवडूं नये तो निश्चिंत बसून राहतो.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेंतील एक गल्ली डोळ्यांपुढें आणावी. रंकाळा जवळ, तालीम हांकेच्या अंतरावर, आणि या पायरीवरची बातमी त्या पायरीवर चहा निवण्याच्या आंत पोंचावी इतकी दाट वस्ती. या गल्लींतील तीन माणसें एकाच आठवड्यांत डॉक्टरांकडे गेलीं असें समजावें. माणसें कल्पित आहेत. त्यांचीं दुखणीं मात्र कोणत्याही पेठेंत आढळणारीं आहेत. पहिल्या घरच्या आजी, वय पासष्ट. सकाळीं मान आंखडते म्हणून गेल्या. त्यांच्या कागदावर ‘सर्व्हिकल स्पॉन्डिलोसिस’ असें आलें. दुसऱ्या घरचा सतरा वर्षांचा मुलगा तालमींत जातो. मागें वांकलें कीं त्याच्या कंबरेंत कळ येते. त्याच्या कागदावर ‘स्पॉन्डिलोलिसिस’. तिसरे एक सेवानिवृत्त कारकून. त्यांना वेदना अशी नाहींच. पण सदऱ्याचीं बटणें लावतांना बोटें अडखळतात, पायांतील चप्पल केव्हां निसटली तें कळत नाहीं, आणि जिना उतरतांना कठड्याला धरावें लागतें. त्यांच्या कागदावर ‘सर्व्हिकल मायलोपथी’.

सायंकाळपर्यंत गल्लींत एकच वार्ता: तिघांनाही स्पॉन्डिलायटिस झाला! शेजारीण विचारते, “आजी, काय म्हणाले डॉक्टर?” आजी डोळे पुसत सांगतात, “मणका झिजलाय म्हणे, बाई. आतां अंथरूणच धरायचं.” कारकूनकाका मात्र हंसून म्हणतात, “मला कुठं कांहीं दुखतंय? वयाचं आहे झालं.” आणि त्यांचा कागद कपाटांत जातो. वस्तुतः तिघांपैकीं ज्यांनीं सर्वांत आधीं हालचाल करावयाची, ते हेच.

हा घोंटाळा टाळण्यास वैद्य होण्याची गरज नाहीं. समास सोडवितां आला म्हणजे पुरे. हीं नांवें काटेकोर अर्थानें उपसर्गांनीं नव्हे, तर समासानें बनलेलीं आहेत. त्यांचें पूर्वपद रोगाचें ठिकाण सांगतें आणि उत्तरपद तेथें काय घडलें तें सांगतें. पूर्वपदाला ‘कोठें?’ असें विचारावें आणि उत्तरपदाला ‘काय?’ असें विचारावें. त्यांच्याही आधीं कधीं एक विशेषण येतें: ‘सर्व्हिकल’ म्हणजे मानेचें, ‘थोरॅसिक’ म्हणजे छातीच्या मागचें, ‘लंबर’ म्हणजे कंबरेचें. मान हें विशेषण आजींच्या आणि काकांच्या, दोघांच्याही कागदावर आहे. एवढेंच वाचून थांबणारा दोघांचा रोग एकच मानतो. पत्त्यावरची पेठ तेवढी वाचून घर न पाहणाऱ्या टपालवाल्यासारखीच ही गोष्ट झाली.

आतां तें घर पाहूं गेल्यास पाठींत मुख्यतः चार वस्तु आढळतात. पहिली वस्तु हाड. लहान मुलाच्या कण्यांत बहुधा ३३ मणके असतात: मानेंत ७, छातीच्या मागें १२, कंबरेंत ५, पुढें ५ मणके मोठेपणीं जुळून एक होतात, आणि शेवटीं माकडहाडाचे साधारण ४. वरच्या मणक्यांच्या मधें गादीसारख्या चकत्या असतात. प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस एक कडें असतें; कड्यावर कडें बसून नळी तयार होते. त्या नळींतून मेंदूपासून खालीं उतरणारी मऊ दोरी, ही दुसरी वस्तु. ती सुमारें ४५ सेंटीमीटर लांब आणि करंगळीएवढी जाड असून कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सुमारास संपते. तिच्यापासून दोन्ही अंगांना तंतूंच्या ३१ जोड्या फुटतात. त्यांचीं मुळें ही तिसरी वस्तु. आणि या सर्वांस बाहेरून आवळून धरणारे स्नायु ही चौथी. चार वस्तु, म्हणून पूर्वपदेंही चार: हाडाचें ‘स्पॉन्डिलो’, दोरीचें ‘मायलो’, मुळांचें ‘रॅडिक्युलो’ आणि स्नायूंचें ‘मायो’.

‘स्पॉन्डिलॉस’ हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ मणका. आणि सूत कांतण्याच्या चातीला जी वाटोळी चकती असते, तिलाही ग्रीक लोक याच शब्दानें ओळखीत. त्यांना पाठीच्या हाडांत चातीची चकती दिसली. मराठी मनुष्याला त्याच हाडांत माळेंतला मणि दिसला, म्हणून ‘मणका’. तेव्हां ‘स्पॉन्डिलो’ ऐकतांच बातमी हाडाची व सांध्याची आहे, एवढें निश्चित समजावें.

‘मायलो’ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ‘मायेलॉस’ म्हणजे मज्जा, हाडाच्या पोकळींतील मऊ द्रव्य. प्राचीन ग्रीकांनीं मांडीच्या हाडांतील मऊ पदार्थाला हें नांव दिलें, आणि कण्याच्या नळींतील मऊ दोरीलाही तेंच दिलें. यांत त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. मराठीनेंही नेमकें हेंच केलें. आयुर्वेदाच्या सात धातूंत अस्थीनंतर मज्जा येते, ती हाडांतील. पुढें पाश्चात्य शरीरशास्त्र मराठींत आलें तेव्हां कण्यांतील दोरीस ‘मज्जारज्जु’, तिच्या तंतूंस ‘मज्जातंतु’ आणि सगळ्या व्यवस्थेस ‘मज्जासंस्था’ हीं नांवें रूढ झालीं. दोन देशांनीं, दोन भाषांत, एकाच दृष्टिसाम्यावरून एकच संदिग्धता पत्करली.

म्हणून ‘मायलो’ हें पूर्वपद दिसलें कीं कोणती मज्जा हें शेजारच्या शब्दावरून ठरवावें लागतें. ‘ऑस्टिओमायलायटिस’ यांत ‘ऑस्टिओ’ म्हणजे हाड. तेव्हां ही हाडाची व त्यांतील मज्जेची जंतुबाधा. ‘मायलोमा’ हा अस्थिमज्जेंतील पेशींचा कर्करोग. उलट ‘पोलिओमायलायटिस’ यांतील मज्जा म्हणजे कण्यांतील दोरी. ‘पोलिओस’ म्हणजे करडा, आणि दोरीच्या आंतील करड्या भागाचा हा दाह. लोकांनीं या लांब नांवाचा ‘पोलिओ’ केला, म्हणजे रोगाचें ठिकाण आणि स्वरूप दोन्ही टाकून नुसता रंग तेवढा ठेवला! सुदैवानें त्या नांवाची भीति आपल्या देशांत ओसरली आहे. जंगली विषाणूचा भारतांतील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं पश्चिम बंगालमधील हावडा येथें आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं देशाला पोलिओमुक्तीचें प्रमाणपत्र मिळालें.

मराठीनें ही संदिग्धता पुढें बरीच कमी केली, ही समाधानाची गोष्ट होय. दाते आणि कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. १९६० मध्यें राज्याचें भाषा संचालनालय स्थापन होऊन परिभाषेच्या कामाला सरकारी आधार मिळाला. आज शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांत ‘मेरुरज्जू’ आणि ‘चेतासंस्था’ हे शब्द असतात. त्यामुळें ‘मज्जा’ पुन्हां आपल्या मूळ घरीं, हाडांत, जाऊं शकली. घरोघरची भाषा मात्र अजून दोन्ही शब्द वापरते, आणि रुग्णालयाच्या कागदावर तर ग्रीक नांवच येतें.

‘मायलो’च्या अगदीं शेजारीं ‘मायो’ उभें आहे. मध्यें एक ‘ल’ तेवढा. घाईंत तो गिळला जातो. ‘मायो’चें मूळ ग्रीक ‘मूस’ म्हणजे उंदीर. संस्कृत ‘मूष’ आणि ‘मूषक’ हे त्याचेच नातलग. उंदराचा आणि स्नायूचा संबंध काय, असें कोणी विचारील. तर लाल मातींत उभ्या असलेल्या पैलवानानें दंड वळविला म्हणजे कातडीखालीं जें कांहीं टुणकन् सरकतें, तें पाहावें. लॅटिन भाषेंतही स्नायूला ‘छोटा उंदीर’ अशाच अर्थाचा शब्द आहे.

शब्दांचें हें साम्य मौजेचें आहे, रोगांचें नाहीं. ‘मायोपथी’ म्हणजे स्नायूंची विकृति आणि ‘मायलोपथी’ म्हणजे दोरीची. दोहोंतही मनुष्य “पायांत बळ नाहीं” असेंच म्हणतो. परंतु स्नायूंच्या विकारांत बहुधा खांदे आणि मांड्या प्रथम दुबळ्या होतात. पाटावरून उठवत नाहीं, फळीवरचा डबा काढवत नाहीं, पण स्पर्शाचें ज्ञान शाबूत असतें. मानेंतील दोरी दबली असतां बोटांची सफाई जाते. बटण, नाणें, सुई-दोरा, साडीच्या निऱ्या यांशीं झगडा सुरू होतो. पाय ताठर होतात, चालतांना तोल जातो, आणि पुढें लघवीवरचा ताबाही सुटूं लागतो. तपासण्यांचींही नांवें तशींच फसवीं आहेत. ‘इलेक्ट्रोमायोग्राफी’ म्हणजे स्नायूंत बारीक सुई घालून त्यांतील विद्युत्‌चलन पाहणें. ‘मायलोग्राफी’ म्हणजे कण्याच्या नळींत द्रव्य सोडून क्षकिरणांनीं दोरीची छाया घेणें. एकीच्या जागीं दुसरीचें नांव दूरध्वनीवर सांगणें म्हणजे काय होईल, तें निराळें सांगावयास नको.

उरलें ‘रॅडिक्युलो’. लॅटिन ‘रॅडिक्स’ म्हणजे मूळ. ‘रॅडिक्युला’ म्हणजे लहान मूळ. मणक्यांच्या मधून बाहेर पडणारें तंतूचें मूळ दाबलें गेलें म्हणजे ‘रॅडिक्युलोपथी’. येथें वेदना बोलकी असते. ती मानेंतून हाताच्या ठराविक बोटांपर्यंत, किंवा कंबरेंतून मांडीमागून पोटरीपर्यंत, एका पट्ट्यानें उतरते. ज्याला लोक ‘सायाटिका’ म्हणतात आणि आयुर्वेद ‘गृध्रसी’ म्हणतो, तें बहुतेक वेळां हेंच. हें दुखणें फार आरडाओरड करतें, पण अनेकांत कांहीं आठवड्यांत आपोआप शमतें. दोरीचें दुखणें याच्या अगदीं उलट: तें हळू पावलांनीं येतें, पुष्कळदां वेदनेवांचून येतें, आणि गेलेली शक्ति उशीर झाल्यास पुरती परत येईलच असें नाहीं. वेदनेच्या आवाजावरून रोगाची किंमत करणें म्हणूनच धोक्याचें.

आतां उत्तरपदाकडे वळावें. कारण पूर्वपद एक असूनही शेंपूट बदलतांच अर्थ बदलतो. ‘स्पॉन्डिलोसिस’ म्हणजे मणक्यांची आणि चकत्यांची वयोपरत्वें होणारी झीज. ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणजे मणक्यांचा दाह. हा दाह क्षयजंतूंचा असूं शकतो, किंवा तरुण वयांत सुरू होऊन कणा हळूहळू ताठ करणाऱ्या ‘अँकिलोझिंग’ जातीचा असूं शकतो. क्षयानें मणका कुजून पाठीला कुबड येतें आणि पाय लुळे पडतात, याचें वर्णन पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्यानें १७७९ मध्यें केलें. आज त्यावर औषधें आहेत. पण तीं पुष्कळ महिने, न चुकतां घ्यावीं लागतात. आपल्याकडे मात्र मान दुखली कीं सरसकट ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणण्याची संवय पडली आहे. झिजेला दाह म्हटल्यानें आजी विनाकारण घाबरतात. आणि दाहाला झीज म्हटल्यानें रात्रीं ताप येणाऱ्या, वजन घटणाऱ्या रुग्णाचा अमूल्य काळ तेल चोळण्यांत जातो.

‘स्पॉन्डिलोलिसिस’ आणखी निराळें. ‘लिसिस’ म्हणजे सुटणें. मणक्याच्या मागील कड्याचा एक नाजूक भाग, बहुधा कंबरेच्या पांचव्या मणक्याचा, वारंवार ताण पडून तडकतो. प्रौढांत शंभरांतील सुमारें सहाजणांना अशी चीर असते आणि पुष्कळांना तिचा पत्ताही नसतो. परंतु कंबर मागें फेकण्याचे खेळ खेळणारांत, म्हणजे कुस्तीगीर, वजनें उचलणारे, कसरतपटु आणि क्रिकेटमधील जलद गोलंदाज यांच्यांत, ती अधिक आढळते. शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबाग मैदान १९१२ मध्यें पुरें झालें आणि कोल्हापूरची कुस्ती देशभर गाजली. ज्या गांवांत तालीम हीच पोरांची दुसरी शाळा, त्या गांवांत हें नांव प्रत्येक वस्तादाच्या कानावर असणें अगत्याचें आहे. चीर पडलेला मणका पुढें घसरला तर त्यास ‘स्पॉन्डिलोलिस्थेसिस’ म्हणतात. हा शब्द किलियन या जर्मन प्रसूतितज्ज्ञानें १८५४ मध्यें घडविला. घसरलेल्या मणक्यामुळें बाळंतपणाची वाट अडते, म्हणून हा रोग प्रथम प्रसूतिवैद्यांच्या नजरेस आला.

खरे उपसर्गही या शास्त्रांत कमी फसवे नाहींत. ‘इंटर’ म्हणजे दोहोंच्या मधें, ‘इंट्रा’ म्हणजे आंत. ‘इंटरव्हर्टिब्रल’ चकती दोन मणक्यांच्या मधें असते; ‘इंट्रामेड्युलरी’ गांठ प्रत्यक्ष दोरीच्या आंत असते. ‘हायपर’ म्हणजे अधिक, ‘हायपो’ म्हणजे उणें. मानेंतील दोरी दबली असतां गुडघ्यावर हातोडी मारतांच पाय अधिक जोरानें उडतो. मूळ दबलें असतां त्या मुळाचें हें उडणें मंदावतें. म्हणजे ‘हायपर’ आणि ‘हायपो’ या शेवटच्या अक्षराच्या फरकानें रोगाचें ठिकाणच बदललें.

आजींच्या धीरासाठीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. ज्यांना पाठदुखी मुळींच नाहीं अशा ३,११० माणसांच्या चित्रतपासण्यांचा एकत्र विचार २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत विशीच्या माणसांपैकीं शेंकडा ३७ जणांच्या, आणि ऐंशीच्या माणसांपैकीं शेंकडा ९६ जणांच्या चकत्यांत झीज दिसली. तेव्हां नुसती झीज ही केंस पिकण्यासारखी वयाची खूण असूं शकते. मान हळूहळू हलती ठेवणें, सांगितलेला व्यायाम करणें, उशी बेताची घेणें, एवढ्यावर अशा अनेक आजींचें चांगलें चालतें. अंथरूण धरल्यानें मात्र बिघडतें. तालमींतील मुलानें कांहीं महिने मागें वांकण्याचे व्यायाम थांबवावे आणि डॉक्टरांच्या अनुज्ञेनें मग मातींत उतरावें. बहुतेक मुलें परत खेळूं लागतात.

कारकूनकाकांनीं मात्र कपाटांतील कागद आजच काढून तज्ज्ञाकडे जावें. थोरल्या दवाखान्यांत जावें कीं खासगी डॉक्टरांकडे, हा प्रश्न दुय्यम, जाणें मुख्य. दोरीवरील दाब शस्त्रक्रियेनें काढावा लागेल कीं कांहीं काळ नजर ठेवून चालेल, हें तेथें ठरेल. तोंपर्यंत कोणाकडूनही मानेला हिसका देववूं नये; केशकर्तनालयांत हौसेनें मान मोडून घेण्याची जी चाल आहे, ती अशा रुग्णाला पांगळें करूं शकते. आणखी एक खूण प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावी. दोरी जेथें संपते, त्याखालीं तंतूंचा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा लोंबतो आणि शास्त्रांतही त्याचें नांव तेंच आहे. तो दबला तर बैठकीची जागा बधिर होते, लघवी अडते किंवा नकळत होते. तसें झाल्यास सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

रोगाचें नांव सांगणें हें वैद्याचें काम. तें नीट ऐकणें आणि जसेंच्या तसें पुढें नेणें हें घराचें. म्हणून नांव तोंडी न घेतां कागदावर, सुवाच्य अक्षरांत, लिहून मागावें आणि दोनच प्रश्न विचारावे: “डॉक्टर, हें हाडाचें, दोरीचें, मुळाचें कीं स्नायूचें? आणि तेथें झीज आहे, दाह आहे, चीर आहे, कीं दाब आहे?” कोणताही भला डॉक्टर या प्रश्नांनीं रागावणार नाहीं. उत्तर मिळाल्यावर तें त्याच शब्दांत शेजाऱ्याला सांगावें, म्हणजे एका गल्लींतील तीन निरनिराळीं दुखणीं सायंकाळपर्यंत एक होणार नाहींत.